जालन्याची थंडी आणि समुद्रातली फ्लाय

डिसेंबर संपत आला की जुन्या जालन्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. कानटोपी घातल्याशिवाय दूध आणायलाही कुणी बाहेर पडत नाही. त्याच पहाटे कोकणातल्या रेवदंड्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांना पाणी चक्क उबदार लागतं. अंगावरचा वारा गार असतो, पण पाणी चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतं. अरबी समुद्राला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही.

हा साधा फरक लक्षात न घेतल्यामुळे फ्लायने मासे गरवायचा नाद लागलेल्या आपल्याकडच्या मंडळींचे बरेच पैसे वाया जातात. हा छंद शिकायची साधनं मुख्यतः इंग्रजीत आहेत आणि ती अमेरिका, इंग्लंड, डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर तयार झाली आहेत. ‘हिवाळ्यात खाऱ्या पाण्यात सुरुवात कशी करावी’ हे तिथे वाचलं की निओप्रीनचे हातमोजे, छातीपर्यंतचे वेडर, लोकरीचे दुहेरी मोजे, थंड पाण्यासाठीची खास दोरी अशी यादी मिळते. जालन्यातला माणूस खिडकीबाहेरचं धुकं बघतो आणि त्याला ती यादी पटते. कोकणात गेल्यावर यातलं जवळपास काहीच उपयोगी पडत नाही, आणि ती महागडी दोरी तर उन्हात मऊ पडून बोटांना आणि काठीच्या कड्यांना चिकटायला लागते. म्हणून सामान घेण्याआधी आपली थंडी नेमकी कुठे आहे, हवेत की पाण्यात, हे समजून घेतलेलं बरं.

आधी फ्लाय म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा गळाला गांडूळ, पिठाची गोळी किंवा कोळंबी लावतात आणि दोरीला शिसं बांधतात. फेकताना ते शिसं पुढे जातं आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. रीळवाल्या साध्या काठीचंही तसंच, फक्त शिशाऐवजी लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा मासा असतो. फ्लायमध्ये हे उलटं होतं. गळावर पिसं आणि केस बांधून केलेलं आमिष इतकं हलकं असतं की ते नुसतं फेकलं तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीला दिलेलं असतं. प्लॅस्टिकचा थर चढवलेली ती जाड, रंगीत दोरीच फेकायची असते आणि तिच्या टोकाला बांधलेली फ्लाय तिच्यामागे जाते. काठी दोरीला गती देते आणि जागीच थांबते. मग दोरी हवेत वळसा घेत उलगडत जाते. बैलगाडीवाल्याचा आसूड हवेत सरळ होताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल.

या दोऱ्यांना नंबर असतात आणि ते अगदी सोन्याच्या हिशोबासारखे काटेकोर असतात. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजून हा नंबर ठरतो. पाच नंबरच्या दोरीचं १४० ग्रेन, आठ नंबरचं २१०. ग्रॅममध्ये आठ नंबरचे ते तीस फूट साडेतेरा-पावणेचौदा भरतात, म्हणजे तोळ्यापेक्षा थोडं जास्त. काठीवरही हाच नंबर छापलेला असतो आणि काठी-दोरीचे नंबर जुळवून घ्यायचे असतात. गोड्या पाण्यातल्या लहान माशांना पाच-सहा नंबर पुरतो. समुद्रावर वारा असतो, गळ मोठा असतो, मासा दांडगा असतो, म्हणून नवशिक्याने नऊ फुटी, आठ नंबरची काठी घ्यावी. ती चार तुकड्यांत सुटते. जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या सामानाच्या फळीवर ही काठी नळकांड्यासकट आरामात मावते. एकसंध बांबूच्या काठीला टीसी काय म्हणेल, याची कल्पना केलेली बरी.

पिसाचा मासा करून खरा मासा फसवायची युक्ती जुनी आहे. इसवी सन दोनशेच्या सुमाराला ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातले लोक गळावर तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून नदीत मासे धरतात असं लिहून ठेवलं आहे. पण मासे गरवण्याचा शास्त्र म्हणून विचार करायला मॅसेडोनियापर्यंत जायचीही गरज नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मराठवाडाही होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसं करावं इथपासून स्वयंपाक, हत्ती, संगीत, कुस्तीपर्यंत सगळं त्यात आहे आणि ‘मत्स्यविनोद’ नावाचं स्वतंत्र प्रकरणही आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणाला काय चारून जवळ आणावं, दोरी आणि गळ कसे असावेत, हे तिथे विस्ताराने दिलं आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाचा अभ्यास छापला. होरा हे मासे ओळखण्यात जगात गणले जाणारे नाव होतं. त्यांना त्या वर्णनांवरून शास्त्रीय जातींचा मागोवा घ्यावासा वाटला, यातच सोमेश्वराच्या निरीक्षणाचं मोल कळतं. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या राजाला समुद्री माशांची इतकी चौकशी होती, म्हणजे जालन्यातून समुद्राचा विचार करणं फारसं विचित्र नाही.

आता शिकायचं कुठे? माझं ठाम मत आहे की समुद्रावर जाण्याआधी महिनाभर तरी जालन्यातच थांबावं. या कलेतला निम्म्याहून अधिक भाग पाण्यावाचून, कोरड्या जमिनीवर शिकता येतो. त्यासाठी गवत असलेलं मैदान लागतं. मुरमावर किंवा सिमेंटवर दोरीचा थर खरवडून निघतो आणि मग ती तरंगतही नाही, सरकतही नाही. गळ लावायचा नाही, टोकाला लाल लोकरीचा बोटाएवढा तुकडा बांधायचा. दोरी समोर अंथरून ठेवायची, काठी सावकाश उचलायची, वेग वाढवत कानाच्या थोडं मागे नेऊन एकदम थांबवायची आणि मग थांबून राहायचं. नवशिक्यांचं सगळं चुकतं ते इथे. मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढचा झटका दिला तर ती पाठीवर येऊन पडते. दोरी जितकी जास्त बाहेर, तितका तो थांबा लांब. मान वळवून मागे बघायला अजिबात लाजू नये. बघणारे हसतात, पण मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना दोन दिवसांत सवय होते आणि तिसऱ्या दिवशी एखादा जण काठी मागतो.

बारा-पंधरा मीटर दोरी नीट सरळ पडू लागली की बस. चित्रफितीत तीस मीटर फेकणारे दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. खाडीत मासा बहुतेकदा काठाशीच असतो. नवशिक्या त्याच्या डोक्यावरून फ्लाय पलीकडे टाकतो आणि उलट त्यालाच घाबरवतो. त्यापेक्षा डाव्या हाताचं काम शिकावं. काठीला वेग देताना डाव्या हाताने दोरीला खाली झटका द्यायचा, मग तो हात पुन्हा वर न्यायचा, पुढच्या फेकीला पुन्हा झटका. मागे एक आणि पुढे एक. समुद्राच्या वाऱ्यात या दोन झटक्यांवाचून दोरी जात नाही, आणि ते जमायला वेळ लागतो.

हात बसला की पाण्यावर जायचं. मोती तलाव शहराला लागून आहे. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने तो बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचं पाणी गावात खेळवलं, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला, आणि तोही शहराला पाणी पाजण्यासाठीच बांधलेला. अशा ठिकाणी परवानगीशिवाय गळ टाकू नये. महाराष्ट्रातल्या तलाव-धरणांतल्या मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आणि तिथल्या भोई मंडळींचं पोट त्यावर असतं. त्यांना विचारलं, मासा परत सोडणार आहोत हे सांगितलं, तर सहसा नाही म्हणत नाहीत. उलट ‘असल्या पिसाला मासा लागतो होय?’ म्हणून बघायला थांबतात.

आणि इथेच एक गंमत आहे. परदेशी पुस्तकांतला हिवाळ्याचा सल्ला कोकणच्या समुद्राला लागू पडत नाही, पण जालन्याच्या तळ्याला बऱ्यापैकी पडतो! उथळ तळ्याचं पाणी रात्रीच्या थंडीत लवकर निवतं. जानेवारीत ते वीस अंशांच्या आसपास किंवा खाली येतं, म्हणजे त्याच दिवशीच्या समुद्रापेक्षा थंड. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर चढतं-उतरतं, आणि ढोबळ हिशोबाने पाणी दहा अंशांनी निवलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. भूक कमी, पचन मंद, हालचाल मंद. मरळ तर हवेत तोंड काढून श्वास घेणारा मासा. उन्हाळ्यात तो सारखा वर येतो आणि कुठे आहे ते दाखवून जातो, थंडीत त्याला प्राणवायू कमी लागतो म्हणून वर येणंही कमी होतं. अशा वेळी पहाटे उठून काठावर कुडकुडण्यात अर्थ नसतो. सकाळी दहा-अकरानंतर, ऊन पडलेल्या उथळ, काळ्या तळाच्या काठावर, फ्लाय अगदी सावकाश ओढत न्यावी. चिलापी लागेल. चिलापीला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही, पण शिकाऊ माणसासाठी तिच्यासारखा गुरू नाही.

खऱ्या थंड समुद्रात हेच तत्त्व टोकाला जातं. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर फ्यून बेटाभोवती लोक भर हिवाळ्यात, तीन-चार अंशांच्या पाण्यात उभे राहून समुद्री ट्राऊट धरतात. तिथला प्रश्न नुसत्या मंद भुकेचा नसतो. समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारट असतं, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर खेचलं जातं आणि मीठ आत येत राहतं. ते मीठ बाहेर टाकायला कल्ल्यांना आणि मूत्रपिंडांना शक्ती लागते, आणि गारठ्यात ही यंत्रणा ढिली पडते. म्हणून कडक थंडीत ट्राऊट उघड्या समुद्रातून आत, कमी खारट फ्योर्डमध्ये शिरतात. तिथले जाणकार म्हणूनच हिवाळ्यात समुद्राकडे पाठ करून खाडीच्या पोटात शिरतात, दुपारच्या उन्हाने अर्धा-एक अंश तापलेला उथळ भाग शोधतात आणि कोळंबीसारखी गुलाबी फ्लाय जवळजवळ थांबल्यासारखी ओढतात. काठीच्या कड्यांत बर्फ धरतो, तो काठी पाण्यात बुडवून वितळवावा लागतो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब खेचतं, म्हणून तिथे वेडर आणि लोकर हा चैनीचा विषय नाही. वेडरमध्ये पाणी शिरलं तर जीवावर बेततं. सुती कपडा भिजला की सुकत नाही, म्हणून तिकडे तो अंगाला लावूही देत नाहीत. अमेरिकेत किंवा युरोपात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांनी यातलं अक्षर न् अक्षर पाळावं. जालन्याहून अलिबागला निघालेल्याने मात्र सुती सदराच घालावा.

दोरीची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पैसे तिथेच जातात. थंड पाण्याच्या दोरीचा गाभा आणि थर मऊ ठेवलेला असतो, म्हणजे गारठ्यातही ती स्प्रिंगसारखी गुंडाळी धरून बसत नाही. उष्ण कटिबंधाच्या दोरीचा गाभा कडक आणि थर टणक असतो, म्हणजे ऊन लागलं तरी ती लिबलिबीत होत नाही. डेन्मार्कमध्ये उष्ण कटिबंधाची दोरी नेली तर ती तारेसारखी वेटोळी घालते. रेवदंड्याला थंड पाण्याची नेली तर अकरा वाजता ती शेवयांसारखी होते. कोकणासाठी बारा महिने उष्ण कटिबंधाचीच दोरी, जानेवारीतही. रीळ मध्यम प्रतीचं चालेल, फक्त त्याचा ब्रेक बंदिस्त असावा आणि धातू खाऱ्या पाण्याला टिकणारा असावा. मात्र दोरीत काटकसर करू नये. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात. चकाकणारं रीळ घेतात आणि दोरी दुकानदार देईल ती.

मग कोकणातला हिवाळा फ्लायसाठी चांगला का, तर गारठ्यामुळे नव्हे, पाणी निवळल्यामुळे. पावसाळ्यात नद्या सह्याद्रीची माती आणून खाड्या लाल करतात, समुद्र खवळलेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदीही असते. फ्लायला वास नसतो, चव नसते, आवाज जवळपास नसतो. माशाने ती बघितली तरच तो येणार. गढूळ पाण्यात ताज्या कोळंबीचा गळ बाजी मारतो आणि फ्लायवाला उपाशी राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर पाणी हिरवट, मग स्वच्छ होत जातं आणि साधारण फेब्रुवारीपर्यंत हा काळ टिकतो.

दुसरं कारण वाऱ्याचं. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. समुद्रावर ते रोज हजेरी लावतात. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वाहतो. पश्चिमेला तोंड करून पुळणीवर उभं राहिलं तर तो पाठीवर येतो, आणि पुढची फेक आपोआप लांब जाते. मात्र मागची फेक त्याच्या विरोधात करावी लागते, तेव्हा तिला जोर जास्त द्यायचा आणि दोरी थोडी खाली ठेवायची. दुपारी खारा वारा सुटला की सगळं फिरतं, वारा तोंडावर येतो, आणि नवशिक्याच्या कानात गळ रुततो तो याच वेळी. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय फ्लाय फेकूच नये, हा नियम जगभर सारखाच आहे. जालन्याच्या मैदानावर वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम सराव केला असेल तर त्याचा उपयोग इथे होतो.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं म्हणजे भरती-ओहोटी. डेक्कनच्या माणसाला हीच गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण आपल्या तळ्याचं पाणी दिवसातून चारदा जागा बदलत नाही. कोकणात जुनी माणसं घड्याळाशिवाय हिशोब करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. हा आडाखा मुंबई-अलिबागकडे ढोबळ मानाने बरोबर येतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी होते. खात्री हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची छापील कोष्टकं आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. मुंबईकडे उधाणात वरच्या-खालच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, मालवणकडे तो जवळपास निम्मा. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त.

याचा उपयोग असा. खाजणांतून, कांदळवनांतून भरतीचं पाणी आत पसरलेलं असतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोयांची पिल्लं, खेकडे आत गेलेले असतात. ओहोटी लागली की हे सगळे लहानसहान ओढ्यांतून बाहेर निघतात आणि ओढ्याच्या तोंडाशी जिताडा, तांब असे शिकारी मासे आ वासून उभे असतात. त्यामुळे नवशिक्याने अशी तिथी निवडावी की उजाडताना ओहोटी मध्यावर असेल. षष्ठीला भरती पहाटे साडेचारला पूर्ण होते, साडेसहाला पाणी चांगलं ओढून चाललेलं असतं, आणि भांगाच्या दिवसांइतकं मंदही नसतं. पुळणीवर रावस धरायचा असेल तर उलट. तिथे उधाणाच्या दिवसांत उजाडल्यावर चढतं पाणी बघावं, कारण भरतीबरोबर तो काठाकडे चरायला येतो. जालन्यातल्या घरी दिनदर्शिका असतेच. एकादशी-चतुर्थीबरोबर आता षष्ठीवरही खूण करायची.

ठिकाण मी मुद्दाम रेवदंडा सुचवतो. जालन्याहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून मांडव्याची बोट, पुढे अलिबागच्या दक्षिणेला सतराएक किलोमीटर. इथे जी नदी समुद्राला मिळते तिचंही नाव कुंडलिकाच. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि आपलं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. रायगडची कुंडलिका कोलाड-रोह्याकडून येऊन अरबी समुद्रात जाते, आणि तिला एक खास सोय आहे. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून रोज तिच्यात सुटतं, त्यामुळे भर हिवाळ्यातही ती वाहती राहते आणि खाडीत गोडं-खारं पाणी मिसळत राहतं. जिताड्याला असंच पाणी आवडतं. पलीकडे कोर्लईचा किल्ला, अलीकडे पोर्तुगीजांच्या चौलची तटबंदी. मासा नाही लागला तर फिरायला जागा आहे.

जिताडा हा कमालीचा प्राणी. तरुणपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. अलिबाग-पेण भागातले शेतकरी खारभूमीच्या तळ्यांत तो वाढवतात. पाहुण्याला जिताडा वाढणं ही तिकडची सर्वोच्च खातिरदारी. तो भक्ष्याचा पाठलाग करत बसत नाही, आडोशाला दबा धरतो आणि तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. म्हणून फ्लाय त्याच्या नाकासमोरून, थांबत-थांबत न्यायची. खाडीतलं उथळ पाणी थंडीच्या रात्रीनंतर थोडं निवलेलं असेल तर तो खोल प्रवाहाच्या कडेला सरकतो आणि ऊन चढल्यावर परत येतो. एवढ्यापुरती इथेही जालन्याच्या तळ्याची शिकवणी कामी येते. रावस वेगळा. त्याच्या छातीच्या पंखाखाली चार लांब तंतू असतात, त्यांनी तो गढूळ तळ चाचपत कोळंबी शोधतो. बाजारात त्याला भारतीय सामन म्हणतात, पण थंड समुद्रातल्या सामनशी त्याचं दूरचंही नातं नाही, आणि सामनची पुस्तकं वाचून तो लागत नाही. कुपा मात्र सगळ्या नियमांना अपवाद. तो आपल्या स्नायूंची ऊब अंगात राखून ठेवतो आणि पाण्यापेक्षा गरम राहतो. पण तो खोल समुद्रात, बोटीवरून, आणि आठ नंबरच्या काठीचं काम नाही.

फ्लाय दोनच प्रकारच्या पुरतात. एक क्लाउझर मिनो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने १९८० च्या दशकात ती बांधली. गळाच्या दांड्यावर धातूचे दोन डोळे अशा जागी बसवले की गळ उलटा होऊन टोक वर राहतं. खडपात आणि कालवांच्या थरात ती अडकत नाही, आणि ओढली की वर, थांबली की खाली अशी उड्या मारत येते. दुसरी डिसीव्हर, लेफ्टी क्रे या प्रसिद्ध मासेमाराची. लांब पिसांची, लहान माशाच्या आकाराची. १९९१ मध्ये अमेरिकेने तिचं टपाल तिकीट काढलं होतं. या दोन्ही घरी बांधता येतात. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, आपल्याकडे बोकडाचे चालतात. पांढऱ्या कोंबड्याची मानेची पिसं कुठल्याही चिकनवाल्याकडे फुकट मिळतात. चमकीसाठी प्लॅस्टिकची जरी घ्यावी, खऱ्या जरीला खारं पाणी काळं पाडतं. गळ स्टेनलेसचा, काट्याचा दात पकडीने दाबून बसवलेला. त्याने मासा सोडताना जखम होत नाही आणि आपल्या कानातूनही गळ सहज निघतो.

मासा लागल्यावर काठी वर उचलायची नाही. ट्राऊटचे सगळे व्हिडिओ हेच शिकवतात आणि समुद्रावर तेच चुकतं. काठीचं टोक पाण्याकडे, माशाच्या रोखाने ठेवून डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची, म्हणजे गळ त्याच्या टणक जबड्यात रुततो. काठी नंतर उचलायची. फ्लायच्या आधीचा एक-दीड फुटाचा तुकडा जाड नायलॉनचा असावा, तीस-चाळीस पौंडांचा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी तिने कापली जाते आणि बोटंही.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. वाळूत पाकट पुरून बसलेलं असतं, पाय घासला की ते निघून जातं, वरून पडला तर शेपटीचा काटा मारतं. अनवाणी तर मुळीच नाही, कालवांच्या कडा तळवे कापतात. खाडीचा चिखल कुठे कमरेपर्यंत घेतो हे गावच्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. रापणीचं जाळं ओढलं जात असेल किंवा डोलीची जाळी लावलेली असतील तिथून दूर राहायचं, ती जागा कोळ्यांची आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचे किमान आकार ठरवले आहेत, त्याहून लहान मासा ठेवायचा नाही. मालवणला जाणार असाल तर तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, त्याच्या गाभ्याच्या क्षेत्रात गळ टाकता येत नाही.

परतण्याआधी शेवटचं काम. काठी, रीळ, दोरी, पकड, सगळं गोड्या पाण्यात भिजवून ठेवायचं. नुसतं वरून पाणी ओतलं तर मीठ रिळाच्या फटीत आणखी आत जातं, म्हणून बादलीत अर्धा तास बुडवणं बरं. मग सावलीत वाळवायचं, दोरी सैल गुंडाळायची. हे जालन्याला पोचून करू म्हणू नये. एकतर रात्रभराच्या प्रवासात मीठ आपलं काम करून टाकतं, आणि दुसरं, आपल्याकडे नळ कधी येईल याचा नेम नसतो. घरातली भरलेली बादली रिळासाठी मागितली तर मिळणार नाही, आणि मिळू नयेही. मुक्कामाच्या घरच्या मावशींना विचारून रेवदंड्याच्या विहिरीवरच हे उरकून घ्यावं.